‘जाऊन येतो’ जपानीतही : ॲनिमेवरून जपानी शिकताना मराठी कानाला काय सोपे, काय अवघड

चंडीमंदिर : चंडीगडला ज्या देवीच्या मंदिरावरून नाव मिळाले, ते मंदिर या गावात आहे. लष्कराच्या पश्चिम कमांडचे मुख्यालयही १९८५ पासून येथेच आहे. देशाच्या सर्व भागांतून बदलीवर आलेल्या सैनिकांची कुटुंबे छावणीत शेजारी शेजारी राहतात, आणि त्यांत मराठी घरेही असतात. अशा घरांतील मुलांची शाळा, मैत्री, अंगण, सारे काही दर दोन-तीन वर्षांनी बदलते. मात्र दूरचित्रवाणीवरचे डोरेमॉन आणि शिन-चॅन कोणत्याही छावणीत तेच असतात. ही मुले मोठी झाली की हिंदी आवाजातील व्यंगपटांवर समाधान मानत नाहीत. ती मूळ जपानी आवाज लावतात, खाली उपशीर्षके वाचतात, आणि काही महिन्यांत त्यांच्या बोलण्यात ‘आरिगातो’, ‘सुगोई’, ‘बाका’, ‘ओमाए’ असे शब्द डोकावू लागतात.

यांपैकी पहिला शब्द आभाराचा, दुसरा कौतुकाचा. तिसऱ्याचा अर्थ ‘मूर्ख’ असा होतो. चौथा, म्हणजे ‘ओमाए’, हा ‘तू’ या अर्थाचा शब्द असला, तरी तो शिक्षकाला, दुकानदाराला किंवा अनोळखी माणसाला उद्देशून वापरणे जपानमध्ये सरळ उद्धटपणा ठरतो. पडद्यावर मात्र नायक तो प्रत्येक वाक्यात उच्चारतो. ॲनिमे पाहून जपानी शिकू पाहणाऱ्याची खरी अडचण येथे आहे. शब्द बरोबर कानावर पडतात. ते कोणी कोणाला म्हणायचे, हे पडदा सांगत नाही.

ही अडचण आता केवळ हौशी प्रेक्षकांपुरती उरलेली नाही. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांनी ‘विशिष्ट कौशल्य’ धारण करणाऱ्या कामगारांसाठी सहकार्याचा करार केला. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम, उपाहारगृहे अशा क्षेत्रांची दारे त्यामुळे भारतीय तरुणांना उघडली. ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियो येथे दोन्ही देशांनी पुढील पाच वर्षांत पाच लाख लोकांच्या परस्पर येण्याजाण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यांत भारतातून जपानला जाणाऱ्या ५० हजार कुशल व्यक्तींचा समावेश आहे. शुश्रूषागृहातील ऐंशी वर्षांच्या आजीबाईंना एखाद्या तरुणाने ॲनिमेतल्या नायकाच्या थाटात हाक मारली, तर त्यांना ते कसे वाटेल, याची कल्पना मराठी माणसाला सहज करता येईल. अनोळखी वृद्धेला ‘ए, तू’ म्हणणे आपल्याकडेही खपत नाही.

मराठी प्रेक्षकाला जपानी व्यंगपटांची ओळख झाली ती बहुतेक हिंदीतून. दूरदर्शनवर १९९० च्या दशकाच्या आरंभी गाजलेली मोगलीची ‘जंगल बुक’ ही मालिका मुळात जपानमध्ये १९८९ मध्ये तयार झाली होती, हे तेव्हा अनेकांच्या ध्यानीही आले नाही. पुढे डोरेमॉन आणि शिन-चॅन घराघरांत पोहोचले. मुले उलट उत्तरे द्यायला शिकतात, अशा पालकांच्या तक्रारींमुळे २००८ मध्ये शिन-चॅनवर भारतात काही काळ बंदीही आली होती. मूळ जपानी ध्वनीची मागणी पुढच्या पिढीने केली. माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा चित्रपट भारतात प्रदर्शित व्हावा म्हणून चाहत्यांनी स्वाक्षऱ्यांची मोहीम चालवली, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तो येथील चित्रपटगृहांत आला. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर’चा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट जपानीबरोबरच इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू आवाजांत प्रदर्शित झाला. त्या यादीत मराठी नव्हती. मराठी चाहत्यापुढे हिंदी किंवा मूळ जपानी असे दोनच पर्याय उरतात. त्यांतला दुसरा पर्याय त्याला वाटतो तितका परका नाही.

उंबऱ्यावरचे शब्द

आरंभ घराच्या उंबऱ्यापासून करावा. मराठी घरात बाहेर पडणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही; ते अशुभ मानतात. तो ‘येतो’ किंवा ‘जाऊन येतो’ म्हणतो आणि घरातील वडीलधारे ‘जाऊन ये’ म्हणतात. जपानी घरातही नेमके हेच घडते. शाळेला निघालेले मूल ‘इत्ते किमासु’ म्हणते. ‘इत्ते’ म्हणजे ‘जाऊन’, ‘किमासु’ म्हणजे ‘येतो’. आतून आई उत्तर देते, ‘इत्तेराश्शाई’, म्हणजे ‘जाऊन ये’. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला ही जोडी बराच वेळ समजावून सांगावी लागते. मराठी माणसाला ती भाषांतर करूनही जशीच्या तशी राहते. परत आल्यावर ‘तादाइमा’ म्हणायचे; मूळ अर्थ ‘आत्ताच’, पुढचे ‘आलो’ गृहीत धरलेले. त्यावर घरचे ‘ओकाएरी’ म्हणतात; त्यात परतून येण्याचे स्वागत आहे.

जेवणाआधी हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हणतात. ‘मी नम्रपणे ग्रहण करतो’ असा त्याचा भाव आहे. पानावर बसल्यावर श्लोक म्हणण्याची चाल ज्या घरांत होती वा आहे, त्यांना तो वेगळा समजावून द्यावा लागणार नाही. जेवण झाल्यावर ‘गोचिसोसामा’. सकाळी ‘ओहायो’, दुपारी ‘कोन्निचिवा’, संध्याकाळी ‘कोंबांवा’. येथून पुढे सावध राहावे लागते. ‘ओहायो’ आणि ‘आरिगातो’ ही मित्रांतली, घरातली रूपे आहेत. शिक्षकांना, वरिष्ठांना, ग्राहकाला ‘ओहायो गोझाइमासु’, ‘आरिगातो गोझाइमासु’ म्हणावे लागते. ॲनिमेतील पात्रे प्रायः समवयस्क असल्यामुळे हा ‘गोझाइमासु’ कानावर क्वचित पडतो, आणि शिकणाऱ्याच्या जिभेवरूनही तो गळतो.

क्षमेचे शब्दही असेच पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. ‘गोमेन’ हे मित्राला, ‘गोमेन्नासाई’ हे घरातल्या मोठ्यांना, आणि बाहेरच्या जगात ‘सुमिमासेन’. या शेवटच्या शब्दाने क्षमा मागता येते, वाट मागता येते, उपाहारगृहात वाढणाऱ्याला बोलावता येते, कोणी आपल्यासाठी तसदी घेतली तर आभारही मानता येतात. जपानमध्ये उतरणाऱ्या प्रवाशाला एकच शब्द सोबत न्यायचा असेल, तर तो हाच न्यावा. आश्चर्य असे, की साहसाच्या ॲनिमेत तो फारसा ऐकूच येत नाही. तलवार उपसलेली माणसे ‘सुमिमासेन’ म्हणत नाहीत.

नोबिता, जिआन आणि ‘मी’चे प्रकार

मराठीत ‘मी’ एकच आहे. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ अशा पायऱ्या समोरच्या माणसासाठी आहेत. जपानीत ‘मी’सुद्धा अनेक आहेत आणि कोणता निवडला यावरून बोलणाऱ्याचा स्वभाव कळतो. डोरेमॉन ही मालिका मूळ भाषेत पाहिली की हा धडा आपोआप मिळतो. भित्रा, साधा नोबिता स्वतःला ‘बोकु’ म्हणतो; हे सौम्य मुलाचे ‘मी’. दांडगा जिआन ‘ओरे’ म्हणतो. त्यात छाती पुढे काढल्याचा आविर्भाव आहे. शिझुका ‘वाताशी’ म्हणते. हेच रूप सभ्य व्यवहारात स्त्री-पुरुष दोघांनाही चालते आणि नवशिक्याने तेच धरावे. शिन-चॅन स्वतःला ‘ओरा’ म्हणतो. पाच वर्षांच्या शहरी मुलाच्या तोंडी हे खेडवळ ‘मी’ आल्यामुळेच जपानी प्रेक्षक हसतो. ‘ड्रॅगन बॉल’चा गोकूही ‘ओरा’च म्हणतो, कारण तो डोंगरात वाढलेला आहे.

नावांच्या मागे काय लागते, तेही पाहण्यासारखे आहे. नोबिता तिला ‘शिझुका-चान’ म्हणतो. ‘चान’मध्ये लाडिकपणा आहे. ती मात्र त्याला ‘नोबिता-सान’ म्हणते. जिआन नुसते ‘नोबिता’ म्हणून ओरडतो. हिंदी आवृत्तीत ही सारी नक्षी पुसली जाते. व्यवहारात सर्वांच्या नावामागे ‘सान’ लावावा आणि स्वतःच्या नावामागे कधीही लावू नये. आपणच आपल्याला ‘राव’ म्हणवून घेण्यासारखे ते होते. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांसाठी शब्द शोधण्याच्या भानगडीत तर पडूच नये. जपानी माणूस समोरच्याला शक्यतो नावाने किंवा पदाने संबोधतो: ‘तानाका-सान’, ‘सेन्सेई’.

‘ओमाए’, ‘तेमे’ आणि ‘किसामा’ ही ॲनिमेतील तीन प्रसिद्ध ‘तू’ रूपे चढत्या क्रमाने अपमानकारक आहेत. गंमत म्हणजे त्यांपैकी ‘ओमाए’ आणि ‘किसामा’ हे शब्द एके काळी आदरार्थी होते. काळाच्या ओघात ते घसरले. ‘महाशय’ हा शब्द आपण आज कोणत्या स्वरात वापरतो हे आठवले, की ही घसरण कशी होते हे कळते.

ओसाका विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ सातोशी किन्सुई यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या प्रकाराला ‘याकुवारिगो’, म्हणजे भूमिकेची भाषा, असे नाव दिले. कथेतला म्हातारा शास्त्रज्ञ ‘वाशी’ म्हणतो आणि वाक्य ‘ज्या’ने संपवतो, खरे जपानी आजोबा सहसा तसे बोलत नाहीत. सामुराई ‘दे गोझारु’ म्हणतो, आणि नारुतो प्रत्येक वाक्याला ‘दात्तेबायो’ हे शेपूट जोडतो, ज्याला अर्थ असा काही नाही. ही सारी पात्राची वेशभूषा आहे, केवळ कापडाऐवजी शब्दांची. समजा, एखाद्या परदेशी माणसाने मराठी केवळ ऐतिहासिक मालिकांवरून शिकली आणि किराणा दुकानात जाऊन ‘आम्हांस दोन शेर साखर हवी आहे’ असे फर्मावले, तर दुकानदार साखर देईल, पण गालात हसेलही. ‘दे गोझारु’ म्हणणाऱ्या भारतीय तरुणाची टोकियोत तीच गत होते.

जपान सरकारच्या पाठबळावर चालणाऱ्या जपान फाउंडेशनने या मोहाला विरोध न करता त्याचा उपयोग करून घेतला. २०१० मध्ये या संस्थेने ‘ॲनिमे आणि मांगामधील जपानी’ या नावाचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात सामुराई, शाळकरी मुलगा, टपोरी, आजोबा अशा पात्रांची बोली वेगवेगळी मांडून, तेच वाक्य सभ्य भाषेत कसे म्हणतात हे शेजारी दाखवले. प्रस्तुत लेखकाच्या मते ही वाट योग्य आहे. ‘यामेरो’ (थांब!) हा शब्द मुलाला आवडला असेल, तर तो विसरायला लावण्यात अर्थ नाही, त्याच्या शेजारी ‘यामेते कुदासाई’ (कृपया थांबा) बसवावा.

नात्यांच्या बाबतीत मात्र मराठी मूल निर्धास्त राहू शकते. थोरला भाऊ ‘ओनीसान’, थोरली बहीण ‘ओनेसान’. धाकट्यांना नावाने हाक. दादा आणि ताईचा हा नियम आपलाच आहे. रस्त्यातल्या अनोळखी प्रौढाला ‘ओजिसान’ (काका), बाईंना ‘ओबासान’ (काकू) म्हणतात. एवढेच, की आपल्या मावशी-काकूंप्रमाणे जपानी ‘ओबासान’लाही आपले वय निघालेले नेहमीच रुचत नाही.

‘खाऊन पाहतो’

व्याकरणात मराठीभाषकाला जो लाभ होतो, त्याची जाणीव फार थोड्यांना असते. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते. संबंध दाखवणारे शब्द नामाच्या मागे लागतात: ‘पुणे कारा चंडीगड मादे’ म्हणजे ‘पुण्यापासून चंडीगडपर्यंत’. प्रश्न विचारायचा असेल तर वाक्याच्या शेवटी ‘का’ जोडतात. ‘किमासु का?’ म्हणजे ‘येता का?’ आणि ‘सो देसु का?’ म्हणजे ‘असे आहे का?’ दोन्ही भाषांतला हा ‘का’ योगायोगाने सारखा आहे, त्यांचे काही नाते नाही. पण शिकणाऱ्याला योगायोगही उपयोगी पडतो. ‘होय ना’ मधला ‘ना’ जपानीत ‘ने’ होतो, आणि ‘सांगून ठेवतो बरं’ मधल्या ‘बरं’चे काम ‘यो’ करतो.

खरी मौज संयुक्त क्रियापदांची आहे. मराठीतल्या ‘ऊन’ प्रत्ययासारखे जपानीत ‘ते’ हे रूप आहे. ‘ताबेते मिमासु’ म्हणजे अक्षरशः ‘खाऊन पाहतो’. येथे पाहण्याचा अर्थ डोळ्यांनी पाहणे नसून प्रयत्न करणे असा दोन्ही भाषांत आहे. ‘कात्ते ओकिमासु’ म्हणजे ‘विकत घेऊन ठेवतो’. ‘सेत्सुमेई शिते कुदासाई’ म्हणजे ‘समजावून द्या’, आणि तो ‘कुदासाई’ पाणी मागतानाही चालतो: ‘मिझु ओ कुदासाई’, पाणी द्या. इंग्रजी माध्यमातील पाठ्यपुस्तके या रूपांवर पानेच्या पाने खर्च करतात, कारण इंग्रजीत तशी सोय नाही. मराठी विद्यार्थी जपानी व्याकरण इंग्रजीतून शिकतो आणि स्वतःच्या भाषेत आयते असलेले उत्तर शोधायला विसरतो, हे पाहून खेद वाटतो.

नादशब्दांचेही तसेच आहे. जपानी मांगाच्या पानापानांवर ‘दोकी-दोकी’, ‘किरा-किरा’, ‘हिसो-हिसो’ असे शब्द विखुरलेले असतात. पहिला धडधड, दुसरा लकलक, तिसरा कुजबुज. आपल्या भाषेत असे शब्द इतके आहेत, की त्यांचे स्पष्टीकरण मागण्याची गरजच वाटत नाही.

सारेच सोपे आहे असे नव्हे. जपानीत विशेषणे क्रियापदांसारखी काळानुसार बदलतात. वस्तू मोजताना तिच्या आकाराप्रमाणे अंकांना वेगळे प्रत्यय लागतात. आदराच्या रूपांत क्रियापदच बदलून जाते. उलट लिंगभेद नाही. ‘जातो’ आणि ‘जाते’ यांना ‘इकिमासु’ हे एकच रूप पुरते.

चूल आणि त्सुनामी

चंडीमंदिरच्या मैदानात खेळणाऱ्या हिंदी वा पंजाबीभाषक मित्रांपेक्षा मराठी मुलाला एक गोष्ट अधिक सहज जमते. जपानी ‘त’च्या ओळीत ता, चि, त्सु, ते, तो असा क्रम आहे. ‘त्सु’ हा ध्वनी हिंदीत नाही. मराठीत तो ‘चूल’ म्हणताना रोज होतो, कारण आपला तो ‘च’ दातांजवळचा आहे; ‘चिमणी’चा ‘च’ मात्र तालव्य. म्हणजे इकारापुढे एक ‘च’ आणि उकारापुढे दुसरा, ही जपानी खोड मराठी तोंडात आधीच आहे. तीच गोष्ट ‘स’ची. जपानीत ‘सि’ नाही, ‘शि’ आहे. हिंदीत ‘सीखना’, मराठीत ‘शिकणे’. तिकडे ‘सीना’, इकडे ‘शिवणे’. मराठीनेही हा उतार पूर्वीच घेतला आहे.

अनुस्वाराचा नियमही जुळतो. जपानी ‘न्’ पुढच्या व्यंजनाप्रमाणे आपला उच्चार बदलतो. ‘सेन्पाई’ हा शब्द प्रत्यक्षात ‘सेंपाई’, म्हणजे ‘सेम्पाई’, असा ऐकू येतो. शाळेतील वरिष्ठ विद्यार्थ्याला हे संबोधन आहे.

ठेच लागते ती स्वरांच्या लांबीला. मराठीत ‘ए’ आणि ‘ओ’ यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे भेद लेखनात नाहीत, आणि बोलण्यात आपण त्यांच्याकडे लक्ष देत नाही. जपानीत ‘कोको’ म्हणजे येथे, आणि दोन्ही ओकार लांबवले की ‘कोऽकोऽ’ म्हणजे उच्च माध्यमिक शाळा. ‘ओबासान’ म्हणजे काकू. ‘बा’ लांबवून ‘ओबाऽसान’ म्हटले की आजी. ‘बिरु’ म्हणजे इमारत आणि ‘बीरु’ म्हणजे बिअर. याच वर्गात ‘कावाई’ (गोंडस) आणि ‘कोवाई’ (भीतिदायक) ही जोडी घालावी, कारण कोणाच्या बाळाचे कौतुक करताना ही चूक होणे बरे नव्हे. येथे ॲनिमेची मदत होते. पुस्तकातील लांबी डोळ्यांना दिसते. कानाला मात्र ती पुनःपुन्हा ऐकल्याखेरीज उमगत नाही. ‘देसु’मधला शेवटचा ‘उ’ जवळजवळ गिळला जातो आणि ‘देस’ उरते, हेही ऐकूनच कळते.

यक्ष आणि नरक, जपानमार्गे

उपशीर्षकांवर विसंबण्याची सवय मोडायची तर लिपी शिकावी लागते. जपानीत हिरागाना आणि कातकाना या दोन अक्षरमाला आहेत; प्रत्येकीत ४६ मूळ अक्षरे. त्यांखेरीज चिनी मूळ असलेल्या कांजी चिन्हांपैकी २,१३६ चिन्हे दैनंदिन वापरासाठी निश्चित केलेली आहेत. हिरागाना दोन-तीन आठवड्यांत येऊ शकते, आणि तिचा क्रम पाहिला की मराठी वाचक थबकतो: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ही आपली वर्णमालाच आहे. ‘च’ वर्गाच्या जागी ‘सा’ आणि ‘प’ वर्गाच्या जागी ‘हा’ दिसतो, कारण प्राचीन जपानीत ‘हा’च्या ओळीचा उच्चार ‘पा’सारखा होता आणि ‘सा’चा ‘चा’च्या जवळ जाणारा. बौद्ध भिक्षूंनी मंत्रांसाठी संस्कृत ध्वनींचा अभ्यास केला, त्यातून हा क्रम जपानी लिपीत आला. भिक्षू कुकाई चीनमधून ८०६ मध्ये जपानला परतले ते सिद्धम् लिपीतील ग्रंथ घेऊन. जपानी स्मशानांतील लाकडी स्मृतिफळ्यांवर ती अक्षरे आजही लिहिली जातात.

त्याच वाटेने आलेले शब्द ॲनिमेत पदोपदी भेटतात. रुमिको ताकाहाशी यांच्या ‘इनुयाशा’ या प्रसिद्ध कथेच्या नावातला ‘इनु’ म्हणजे कुत्रा आणि ‘याशा’ म्हणजे आपला यक्ष. तिच्यातील खलनायक नाराकु. हे नाव ‘नरक’ या शब्दाचे चिनीमार्गे झालेले रूप. ‘सेत्सुना’ हे पात्रांना आवडीने दिले जाणारे नाव ‘क्षण’पासून आले. मृतांचा न्याय करणारा ‘एन्मा’ हा यम, ‘रासेत्सु’ हा राक्षस आणि ‘आशुरा’ हा असुर.

उलट दिशेने जपानीतून मराठीत आलेल्या शब्दांत वाङ्मयीन मान मिळाला तो ‘हायकू’ला. शिरीष पै यांनी तो काव्यप्रकार मराठी वाचकांच्या परिचयाचा केला.

पुण्यात, बेळगावात

भारतात जपानी शिकणाऱ्यांचा विषय निघाला की पुण्याचे नाव टाळता येत नाही. फर्ग्युसन महाविद्यालय रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. टिळक महाराष्ट्र विद्यापीठातही जपानीचे अभ्यासक्रम चालतात. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीचे प्रतीक म्हणून तेथील कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर उभारले आहे. जपान फाउंडेशनच्या २०२१ च्या पाहणीनुसार जगात सुमारे ३८ लाख आणि भारतात सुमारे ३६ हजार लोक संस्थांमधून जपानी शिकत होते. घरी पडद्यासमोर बसून शिकणारे या गणतीत नाहीत.

छावणीशी जपानचा संबंधही पडद्यापुरता नाही. भारत आणि जपानच्या भूदलांचा ‘धर्म गार्डियन’ हा संयुक्त सराव २०१८ मध्ये मिझोरममधील वैरेंगटे येथे सुरू झाला. २०२२ चा सराव २७ फेब्रुवारी ते १० मार्च या काळात बेळगावात झाला. त्यात जपानच्या ३० व्या पायदळ रेजिमेंटच्या तुकडीबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीच्या १५ व्या बटालियनचे जवान होते.

ज्याला आपला अभ्यास कागदावर सिद्ध करायचा आहे, त्याच्यासाठी जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा आहे. ती १९८४ मध्ये सुरू झाली आणि २०१० पासून तिचे पाच स्तर आहेत. एन ५ सर्वांत सोपा, एन १ सर्वांत कठीण. भारतात ती सर्वसाधारणपणे जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. दिल्ली, मुंबई आणि पुणे ही तिची जुनी केंद्रे. एन ५ साठी १८० पैकी ८० गुण लागतात. शिवाय भाषाज्ञान आणि वाचन यांत १२० पैकी ३८ व श्रवणात ६० पैकी १९ गुण स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. ‘विशिष्ट कौशल्य’ योजनेतून कामासाठी जायचे असेल, तर एन ४ किंवा त्या तोडीची दुसरी परीक्षा द्यावी लागते, आणि शुश्रूषेच्या कामासाठी त्या क्षेत्राच्या भाषेची वेगळी चाचणी असते. प्रावीण्य परीक्षेत बोलण्याचा भाग नाही. म्हणून प्रमाणपत्र हाती असूनही तोंडाने ‘ओमाए’ निघणे शक्य आहे.

श्रवणाच्या गुणांसाठी ॲनिमेचा उपयोग नक्की होतो, मात्र पाहण्याची रीत बदलावी लागते. एक भाग सलग पाहण्याऐवजी तीन मिनिटांचा एकच प्रसंग निवडावा. प्रथम उपशीर्षकांसह, मग त्यांच्याविना, आणि शेवटी पात्राबरोबर स्वतः बोलत तो पाहावा. युद्धकथांपेक्षा घर आणि शाळा यांच्या कथा निवडाव्यात. त्यांत शिक्षक, शेजारी, दुकानदार असतात आणि त्यांच्याशी पात्रे कशी बोलतात ते ऐकता येते. ऐकलेले प्रत्येक वाक्य वहीत लिहिताना ते कोणी कोणाला म्हटले, हेही शेजारी लिहावे. वर्गाला जाणे शक्य नसलेल्यांसाठी जपान फाउंडेशनचे ‘मिनातो’ हे अध्ययनस्थळ आणि ‘इरोदोरी’ हे पाठ्यपुस्तक महाजालावर विनामूल्य आहे. बदलीच्या गावी ते दोन्ही सोबत येतात.

आपली किती प्रगती झाली हे तपासायला शिन-चॅनचाच एक प्रसंग पुरेसा आहे. तो बालवाडीतून घरी येतो, दारात बूट काढतो आणि जोरात ‘ओकाएरी!’ म्हणतो. आतून आई वैतागून त्याला ‘तादाइमा’ म्हणायला सांगते. हिंदी आवाजात हा विनोद पोहोचत नाही. मूळ जपानीत पाहताना आई बोलण्यापूर्वीच हसू आले, तर ते दोन शब्द आता उपशीर्षकात शोधावे लागणार नाहीत.